जुन्या गाडीची चावी: फिरते, गाडी सुरू होते आणि लगेच बंद पडते!

मुळशीकर · रवि, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी.

वडिलांची २००८ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पहिले चाळीस प्रतिसाद "तेव्हाच सांगत होतो, ती घेऊ नका" असे येतात. गाडी एकहाती, ९५ हजार किलोमीटर झालेली, अजून ताम्हिणी कुरकुर न करता चढते.

बुधवारी मंडईत भाजी घेताना चावी खिशातून कुठेतरी पडली. तासभर कोथिंबिरीच्या काड्या उपसल्या, नाही मिळाली. रिक्षाने घरी गेलो, कपाटातली दुसरी चावी घेऊन परत आलो. दार उघडलं, स्टिअरिंगचं कुलूप सुटलं, स्टार्टर फिरला, इंजिनाने पेट घेतला आणि दीड सेकंदात फुस्स. दहादा केलं, दहादा तेच. समोर गाडीवर चावीचं चित्र असलेला एक दिवा लुकलुकत राहतो. शेवटी टो करून घरी आणली.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात की दोन नव्या चाव्या, सगळी कुलपं आणि इमोबिलायझरचा (ओळखीच्या चावीशिवाय गाडी चालू न देणारा) डबा असा पूर्ण संच घ्या. साडेबावीस हजार, शिवाय सामान यायला तीन आठवडे. गाडी विकायला काढली तर लाखभर येतील की नाही शंका आहे.

प्रश्न असा, की बाहेरच्या किल्लीवाल्याकडून हे काम होतं का? आणि करून घ्यावं का?

चक्रम · रवि, रात्री ९.२५

मॉडेल सांगा हो. वैद्याकडे जाऊन "कुठेतरी दुखतंय, कुठे ते विचारू नका" म्हटल्यासारखं आहे हे.

गुळपोळी · रवि, रात्री ९.३१

चावीतला सेल गेला असणार. आमच्या ह्यांच्या चावीचं अगदी असंच झालं होतं. घड्याळवाल्याकडून नवा सेल घातला, गाडी ठणठणीत.

कुलुपबंद · रवि, रात्री १०.०२

गुळपोळीताई, तुमच्या ह्यांचं दार रिमोटने उघडत नसणार. गाडी सुरू होणं न होणं आणि सेल यांचा (जुन्या, चावी फिरवायच्या गाड्यांत) संबंध नाही. हा गैरसमज इतका पसरलाय की जरा सविस्तर लिहितो.

अशा चावीत तीन वेगळ्या वस्तू एका प्लॅस्टिकमध्ये नांदतात. एक, धातूचं पातं. दुसरं, रिमोट. त्याला सेल लागतो, तो फक्त दारं उघडतो-लावतो. तिसरी ती चिप. हिला सेल लागत नाही. चावी घालतो त्या कुलपाच्या तोंडाभोवती तारेचं एक कडं असतं. चावी फिरवली की त्या कड्यातून १२५ किलोहर्ट्झच्या लहरी निघतात, त्यातूनच चिपला चिमूटभर वीज मिळते आणि ती आपला क्रमांक सांगते. क्रमांक जुळला तर ठीक, नाहीतर ईसीयू (इंजिनाचा संगणक) इंधन किंवा ठिणगी तोडतो. काही गाड्यांत स्टार्टरच फिरत नाही, काहींत इंजिन सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडतं. धागाकर्त्याची दुसऱ्या जातीतली.

वाड्याच्या भाषेत सांगायचं तर पातं म्हणजे दिंडी दरवाजा. ढकलता आला की आत. चिप म्हणजे ओटीवर बसलेली आजी. "कुणाचा रे तू?" विचारल्याशिवाय ती माजघरात जाऊ देत नाही.

मुळशीकर, तुमची दुसरी चावी दिंडीतून आत गेलीय, पण आजी ओळखत नाहीये. का ओळखत नाही हे आधी शोधा. साडेबावीस हजारांचं नंतर बघू.

खाडीपलीकडे · रवि, रात्री १०.२०

आजी ओळखत नाही :)) मस्त.

आमच्या लहानपणी ही आजीच नव्हती. वडिलांची पद्मिनी होती, ठाण्याला चाळीत आणखी दोघांकडेही होत्या. चाव्या इतक्या झिजलेल्या, की एकदा लग्नाला जायच्या घाईत वडील शेजाऱ्यांची गाडी घेऊन गेले. नौपाड्यापर्यंत गेल्यावर आई म्हणाली, "अहो, आपल्या गाडीत गणपती होता ना?" शेजाऱ्यांकडे साईबाबा होते.

टेकडीवरचा · रवि, रात्री १०.४१

मूळ शीर्षकात "चावी" लिहिलंय आणि प्रश्नात "किल्लीवाला". धागाकर्त्याने एक काय ते ठरवावं. कुलपाला किल्ली असते. चावी घड्याळाला देतात.

रानभेंडी · रवि, रात्री १०.४४

आमच्याकडे नळाला चावी असते. आणि माणसाला पण देतात.

टेकडीवरचा · रवि, रात्री १०.४७

तेच म्हणतोय. गाडीला देऊ नये.

चक्रम · रवि, रात्री १०.५०

पाणी पाच-दहा प्रतिसादांनी चढेल, मी शेंगदाणे आणतो.

कानस · सोम, सकाळी ७.१५

माझं कोल्हापुरात हेच काम आहे. अठरा वर्षं झाली. आधी कानशीनं घासायचो, आता मशीन आहे, लॅपटॉप आहे, पण नाव तेच ठेवलंय.

मुळशीकर, चार प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरं द्या. बाकी बोलू नंतर.

ही दुसरी चावी गाडीबरोबर कंपनीतून आलेली आहे की नंतर बनवलेली? तिनं गाडी शेवटची कधी सुरू केली होती? तिचं वरचं प्लॅस्टिक (कव्हर) कधी बदललं होतं का? आणि त्या चावीसोबत रिंगमध्ये दुसऱ्या कुठल्या गाडीची चिपवाली चावी अडकवलेली आहे का? दोन चिपा शेजारी शेजारी असल्या की एकमेकीच्या बोलण्यात बोलतात आणि कड्याला काहीच कळत नाही. रोज एकतरी गिऱ्हाईक या एका कारणापायी येतं. रिंग सुटी केली की गाडी सुरू. मग पैसे घ्यायलाही लाज वाटते.

रानभेंडी · सोम, सकाळी ८.३०

घेता का पण?

कानस · सोम, सकाळी ८.३३

चहाचे घेतो.

विमेकरी · सोम, सकाळी ११.०५

खर्चाची चर्चा होईलच. त्याआधी एक गोष्ट करा, ती कुणीच लिहिलेली नाही. चावी हरवल्याची पोलिसांकडे नोंद करा. ऑनलाइन होते, दहा मिनिटांचं काम. उद्या गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सर्वात आधी दोन्ही मूळ चाव्या मागते. एकच निघाली की "दुसरी कुठे?" हा प्रश्न येतो आणि तोंडी उत्तराला तिथे किंमत नसते. हरवल्याची नोंद हाताशी असली तर निदान बोलायला कागद असतो.

काही पॉलिश्यांत चावी बदलण्याचं वेगळं कव्हर घेता येतं. जुन्या गाडीवर बहुतेकांनी फक्त थर्ड पार्टी ठेवलेली असते, त्यात ते नसतं. तुमची पॉलिसी बघून घ्या.

मुळशीकर · सोम, दुपारी १.१०

सर्वांचे आभार. कानसभाऊ, उत्तरं अशी.

चावी कंपनीचीच आहे, गाडी घेतली तेव्हा दोन मिळाल्या त्यातली. शेवटची कधी वापरली कुणालाच आठवत नाही, तीन-चार वर्षं तरी कपाटात होती. रिंगमध्ये फक्त तिरुपतीचा एक बिल्ला आहे. कव्हरचं मला माहीत नाही, वडिलांना विचारतो. ते सध्या धुळ्याला आत्याकडे आहेत आणि फोन उचलणं हा त्यांच्या लेखी ऐच्छिक विषय आहे.

पोलीस नोंद आज केली.

टेकडीवरचा, किल्ली म्हणतो. खूश?

टेकडीवरचा · सोम, दुपारी १.१४

खूश.

हडसनकाठी · सोम, रात्री ८.५०

इकडे न्यू जर्सीत माझ्या एका मित्राकडे १९९५ ची कमारो आहे. तिची गंमत सांगतो, कारण चिपांच्या आधीची ही पिढी भारतात फारशी कुणी पाहिलेली नाही.

जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेटमध्ये ही पद्धत आणली. चावीच्या पात्यात मधोमध एक काळी टिकली बसवलेली दिसते. तो साधा रेझिस्टर आहे, बाकी काही नाही. चावी आत गेली की गाडी त्याचे ओहम मोजते. एकूण १५ किमती, त्यातली एक तुमच्या गाडीची. दुसरी लावली तर गाडी रुसते आणि काही मिनिटं स्टार्टरच देत नाही. मग योग्य चावी लावली तरी थांबावंच लागतं. पंधरापैकी एक म्हणजे फार मोठं गुपित नाही, पण चोराला प्रत्येक चुकीनंतर अंधारात तीन-चार मिनिटं बसून राहायचं असेल तर तो शेजारची गाडी बघतो.

मित्राची चावी इतकी झिजली होती की वळवताना हलवावी लागायची. आम्ही मल्टिमीटर लावून टिकलीचे ओहम मोजले, तक्त्यात नंबर बघितला, त्या नंबरचा ब्लँक (बिनखाचांची कोरी चावी) मागवला आणि कुलुपवाल्याकडून खाचा पाडून घेतल्या. ना लॅपटॉप, ना गाडीचा गुप्त क्रमांक म्हणजे पिन. एका शनिवारचं काम, तेही मधे जेवून.

कुलुपबंद · सोम, रात्री ९.१५

वा! मल्टिमीटरने बनवता येणारी चावी. आजीऐवजी ओटीवर वजनकाटा ठेवल्यासारखं. कुणाचा रे तू वगैरे काही नाही, वजन भरलं की आत जा.

लेस्टरवासी · मंगळ, पहाटे २.३०

हडसनकाठींनी इतिहास काढलाच आहे तर माझाही एक. युरोपात ऑक्टोबर १९९८ पासून प्रत्येक नव्या मोटारीत इमोबिलायझर सक्तीचा झाला, पण कंपन्यांनी आधीच सुरुवात केली होती. नव्वदच्या दशकातल्या फियाट गाड्यांबरोबर रोजच्या निळ्या चाव्या आणि एक लाल चावी मिळायची. लाल चावी गाडी चालवायला नाही, नवीन चाव्यांची ओळख करून द्यायला. ती हरवली तर नवी चावी शिकवण्याचा सरळ रस्ताच बंद, थेट ईसीयू आणि त्याचा जोडीदार डबा बदलण्यावर गोष्ट यायची.

मी इथे जुनी गाडी बघायला जायचो तेव्हा इंजिनाआधी विचारायचो, लाल चावी आहे का? नसेल तर भाव तिथेच पडायचा. एका आजोबांनी ती बँकेच्या लॉकरात ठेवली होती, मृत्युपत्राबरोबर.

चक्रम · मंगळ, सकाळी ९.००

इतिहास, भूगोल झाला. आता व्यवहाराचं बोलतो. इतका खटाटोप कशाला? एक चिप कुठूनतरी गाडीला शिकवून घ्या आणि ती त्या कड्याजवळ टेपने कायमची चिकटवून टाका. मग साध्या पन्नास रुपयांच्या चावीनेही गाडी सुरू. जन्माची कटकट मिटली. माझ्या गाडीत सहा वर्षं असंच आहे.

विमेकरी · मंगळ, सकाळी ९.२०

आणि हे तुम्ही सार्वजनिक ठिकाणी लिहिताय.

कुलुपबंद · मंगळ, सकाळी ९.४०

चक्रम, म्हणजे आजीला खुर्चीला बांधून तोंडाने "या या" म्हणायला लावलंत.

गंमत सोडा. इमोबिलायझर नसला तर काय होतं याचा अमेरिकेत मोठा धडा झालाय. ह्युंदाई आणि किया यांच्या २०११ ते २०२१ दरम्यानच्या तिथल्या अनेक स्वस्त मॉडेलांत, चावी फिरवायच्या गाड्यांत, इमोबिलायझर नव्हता. पोरांनी व्हिडिओ टाकले, स्टिअरिंगखालचं प्लॅस्टिक काढायचं आणि यूएसबी केबलच्या तोंडाने आतलं खोबणीतलं टोक फिरवायचं. २०२२ मध्ये शहरंच्या शहरं हैराण झाली. कॅनडात मात्र हा त्रास नाही, कारण तिथे २००७ पासून इमोबिलायझर सक्तीचा आहे. त्याच कंपन्या, त्याच गाड्या.

चक्रम · मंगळ, सकाळी ९.५२

माझी गाडी २००४ ची आहे, उजवीकडचा आरसा दोरीने बांधलाय आणि हॉर्न वळताना आपोआप वाजतो. चोराने नेली तर मी त्याला पेट्रोलचे पैसे देईन.

रानभेंडी · मंगळ, सकाळी ९.५५

+१

गुळपोळी · मंगळ, सकाळी १०.३०

अवांतराबद्दल क्षमस्व, पण माझ्या अॅक्टिव्हाचा प्रश्न आहे. मूळ चावी हरवली. रस्त्यावरच्या किल्लीवाल्याने बनवून दिलेल्या चावीने गाडी सुरू होते, पण काल चुकून ते वरचं शटर बंद झालं आणि आता उघडतच नाही. चावी घालायला भोकच नाही. काय करू?

अर्धा_लिटर · मंगळ, सकाळी १०.३८

मी पण याच प्रश्नासाठी धागा उघडला होता.

मधलीसुट्टी · मंगळ, दुपारी १२.००

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

नर्मदेकाठी · मंगळ, दुपारी १२.४०

मूळ प्रश्नाकडे. माझं मत सर्वांपेक्षा वेगळं आहे. मुळशीकर, निमूटपणे अधिकृत ठिकाणी जा. मी इंदूरला बाहेरून बनवून घेतली होती. त्या माणसाने गाडी घेऊन दुकानात ठेवली, आरसी मागितलं नाही, ओळखपत्र मागितलं नाही, संध्याकाळी चावी हातात ठेवली. मी खूश. घरी येऊन रात्री विचार करत पडलो, की ज्याने मला काही न विचारता चावी दिली तो दुसऱ्या कुणालाही माझ्या गाडीची देईल. महिनाभर स्टिअरिंगला लोखंडी दांडा लावून झोपलो.

कानस · मंगळ, दुपारी २.२०

नर्मदेकाठी यांचं अगदी खरं आहे. पण त्यावर उपाय अधिकृत-अनधिकृत हा नाही. जो आरसी आणि ओळखपत्र मागत नाही त्याच्या दुकानाची पायरी चढू नका. मी दोन्हीची झेरॉक्स ठेवतो, गाडीसोबत गिऱ्हाईकाचा फोटो काढतो. काही लोक चिडतात. चिडू देत. एकदा एक पोरगं माझ्याकडं गाडी टो करून घेऊन आलं, "चावी हरवली, लवकर करा" म्हणून. आरसी मागितल्यावर म्हणालं आणतो, ते आजतागायत आणतंय. गाडी तीन दिवस दुकानापुढं होती, मग पोलिसांनी नेली.

आता कामाचं बोलतो. बाहेर दोन तऱ्हेनं चावी होते आणि गिऱ्हाईकाला दोन्हीतला फरक कुणी सांगत नाही.

पहिली म्हणजे कॉपी. चालू चावीची चिप मशीनवर ठेवायची, तिचं सगळं कोऱ्या चिपेत उतरवायचं. गाडीला वाटतं तीच चावी. गाडीला हात लावायला लागत नाही, दहा-पंधरा मिनिटांत होतं. सगळ्या चिपा अशा कॉपी होत नाहीत, पण २००८ च्या आसपासच्या पुष्कळ होतात.

दुसरी म्हणजे नोंदणी. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला यंत्र जोडायचं, पिन घालायचा आणि नव्या चिपेचा क्रमांक गाडीच्या डोक्यात घालायचा. त्याच वेळी हरवलेल्या चावीचा क्रमांक पुसून टाकता येतो. मंडईत पडलेली चावी कुणाला सापडली तरी तिनं मग गाडी सुरू होत नाही. दार मात्र उघडतं, पातं तेच असतं. ते नको असेल तर कुलूप बदला.

एकही चावी चालू नसेल तर गोष्ट वेगळी. पिन मिळाला तर ठीक, नाहीतर डबा खोलून आतली बारकी मेमरी चिप वाचावी लागते. त्याचा खर्च कॉपीच्या चौपट-पाचपट होतो, आणि सगळ्यांना जमत नाही. हात थरथरला तर डबा गेला. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, एक चावी चालू आहे तोवर दुसरी करून घ्या. ऐकत कोणी नाही. हरवल्यावर येतात.

मुळशीकर, कव्हरचं काय झालं? मला त्याचंच उत्तर हवंय.

मुळशीकर · मंगळ, रात्री ९.३५

वडिलांनी फोन उचलला!

संवाद जसाच्या तसा देतो.
"बाबा, दुसऱ्या किल्लीचं कव्हर कधी बदललं होतं का?"
"हो, तुटलं होतं. त्या पुलाजवळ तो बसतो ना, त्याच्याकडून ऐंशी रुपयांत नवीन टाकून घेतलं."
"कधी?"
"लॉकडाउनच्या आधी. का?"
"त्यानंतर त्या किल्लीने गाडी चालवली का?"
"नाही. नवीन कव्हर खराब होईल म्हणून कपाटात ठेवली."

रानभेंडी · मंगळ, रात्री ९.३८

"नवीन कव्हर खराब होईल म्हणून." एकाच पिढीचे सगळे बाप एकाच कारखान्यात बनलेत.

कानस · मंगळ, रात्री ९.४०

झालं. मला वाटलंच होतं.

मुळशीकर, पुलाजवळच्यानं पातं आणि रिमोटची पट्टी नव्या कव्हरात घातली आणि चिप जुन्या कव्हरात राहिली. कव्हर बदलताना शंभरातल्या निम्म्यांचं असं होतं, कारण चिप चावीसारखी दिसतच नाही. काळा, नखाएवढा आयताकृती खडा असतो, किंवा तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी. कव्हरच्या एका कोपऱ्यात खोबणीत घट्ट बसलेली. बऱ्याच चाव्यांत रिमोटच्या पट्टीवर नसते. कव्हर फेकलं की ती पण गेली.

आता एकच प्रश्न. तुमच्या वडिलांनी जुनं कव्हर फेकलं का?

खाडीपलीकडे · मंगळ, रात्री ९.४४

ज्या माणसाने नवीन कव्हर खराब होईल म्हणून किल्ली वापरली नाही, तो माणूस जुनं फेकेल? पैज लावायला तयार आहे.

टेकडीवरचा · मंगळ, रात्री ९.५०

खिळ्यांचा डबा बघा.

हडसनकाठी · मंगळ, रात्री ९.५२

बिस्किटांच्या निळ्या पत्र्याच्या डब्यात सुईदोरा असतो तिथे.

लेस्टरवासी · मंगळ, रात्री ९.५५

टीव्हीखालचा खण. जुन्या फोनच्या चार्जरांखाली.

मुळशीकर · मंगळ, रात्री ११.२०

खिळ्यांचा डबा. टेकडीवरचा यांना साष्टांग दंडवत.

माळ्यावर श्रीखंडाचा प्लॅस्टिकचा डबा. त्यात खिळे, एक सायकलचा व्हॉल्व्ह, दूरदर्शनच्या अँटेनाचे दोन स्क्रू, बंद पडलेलं एचएमटी घड्याळ आणि रबरबँड लावलेलं अर्धं तुटकं कव्हर. कात्रीच्या टोकाने कोपरा उचकला तर खोबणीत काळा खडा. इतका लहान की कानसभाऊंनी वर्णन केलं नसतं तर मी प्लॅस्टिकचाच भाग समजून डबा बंद केला असता.

खाली पार्किंगमध्ये गेलो. खडा चिकटपट्टीने नव्या कव्हरच्या बाहेरून डोक्याशी चिकटवला. किल्ली फिरवली. दिवा लागला, विझला. स्टार्टर. इंजिन. दीड सेकंद गेला, दोन गेले, दहा गेले. बंद पडली नाही. सोसायटीचा वॉचमन विचारत होता, "साहेब, रात्री अकराला कुठं?" कुठंच नाही म्हटलं, आणि पाच मिनिटं तसाच चालू गाडीत बसून राहिलो.

कुलुपबंद · मंगळ, रात्री ११.३१

आजी श्रीखंडाच्या डब्यात होती!

चक्रम · बुध, सकाळी ८.००

बाहेरून चिकटपट्टीने चिकटवली म्हणजे शेवटी माझ्याच पद्धतीवर आलात की.

विमेकरी · बुध, सकाळी ८.४५

मुळशीकर, आनंद आहे. पण मंडईतली चावी अजून मंडईतच आहे आणि ती चालू आहे. गाडी सुरू झाली म्हणून विषय संपवू नका.

नर्मदेकाठी · बुध, सकाळी ९.१०

विमेकरींशी सहमत. आणि सर्व्हिस सेंटरवाल्याने कव्हर उघडून न बघता साडेबावीस हजार सांगितले, त्याचं मला जास्त वाईट वाटतंय. कालचं माझं "निमूटपणे जा" मागे घेतो. निदान "निमूटपणे" तरी.

कानस · बुध, दुपारी १.००

त्यांचीही एक बाजू आहे. तिथं काउंटरवरच्या पोराला संगणकावर दिसतं, चावी हरवली तर अमुक नंबरचा संच. तो तेच वाचतो. चावी उघडून बघायची हे त्याच्या कामातच नाही.

मुळशीकर, आता हे करा. खडा चिकटपट्टीवर ठेवू नका, उन्हात डिंक सुटतो आणि एक दिवस घाटात पडेल. चालती गाडी त्यामुळं बंद पडणार नाही, चिप सुरू करतानाच विचारली जाते. पण चहाला थांबलात की तिथंच बसाल. चांगल्या कव्हरात खोबणीत बसवून घ्या. मग चालू चावी आणि गाडी दोन्ही घेऊन, आरसी घेऊन, नोंदणी करणाऱ्याकडं जा. नवी एक चावी शिकवा आणि जुन्या सगळ्या पुसून ह्या दोनच ठेवा. काम झाल्यावर यंत्रावर "नोंदलेल्या चाव्या: २" दिसतंय का ते स्वतः बघा. कॉपी करून देतो म्हणाला तर नको म्हणा, तुमच्या कामाची नाही. गाडी घेताना चावीबरोबर नंबर कोरलेली एक बारकी पट्टी मिळाली असेल तर न्या, पातं त्यावरून नव्यासारखं निघतं. झिजलेल्या पात्यावरून काढलं की झीजसुद्धा कॉपी होते.

मुळशीकर · बुध, दुपारी १.२५

पट्टी श्रीखंडाच्या डब्यात आहे :)

मुळशीकर · शनि, सायं. ६.५०

शेवटची बातमी. आज काम झालं. नाना पेठेत स्पेअर पार्टवाल्यांकडे चौकशी केली, तिघांनी एकाच माणसाचं नाव सांगितलं. त्याने आरसी मागितलं, ओळखपत्र मागितलं, पोलीस नोंदही वाचली. मी मनात म्हटलं, योग्य ठिकाणी आलोय. स्टिअरिंगखाली यंत्र लावलं, वीसेक मिनिटं गेली. पडद्यावर नोंदलेल्या चाव्या २. नवी किल्ली, पातं, नोंदणी, दोन्हींना चांगली कव्हरं, सगळे मिळून ३,८००. जुनी कव्हरं मी परत मागून घेतली. तो हसला. म्हणाला, "घरी वडील आहेत वाटतं."

बाबा काल धुळ्याहून आले. सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, "त्यात काय, खडा डब्यात आहे हे मला माहीत होतं. तो कसला असतो ते माहीत नव्हतं."

टेकडीवरचा · शनि, सायं. ७.०५

नवी किल्ली कुठे ठेवलीत?

मुळशीकर · शनि, सायं. ७.०८

बाबांनी ठेवलीय. कुठे ते सांगत नाहीत.

गुळपोळी · शनि, रात्री ८.१५

सगळ्यांचं झालं असेल तर माझ्या अॅक्टिव्हाचं कुणी सांगेल का? पाच दिवस बसने जातेय.

कानस · शनि, रात्री ८.४०

माफ करा ताई, राहूनच गेलं. शटर चुंबकावर उघडतं. मूळ चावीच्या डोक्याला बाजूला षट्कोनी उंचवटा असतो, त्यात बारके चुंबक ठरावीक जागी बसवलेले असतात. रस्त्यावरच्यानं फक्त पातं बनवून दिलं, चुंबक नाहीत, म्हणून चावी चालते पण शटर उघडत नाही. स्क्रूड्रायव्हरनं उचकटू नका, आतल्या पट्ट्या वाकल्या की पूर्ण कुलूपच बदलावं लागतं. जवळच्या किल्लीवाल्याला घरी बोलवा, बहुतेकांकडं चुंबकांचा संच असतो, तो जागेवर उघडून देईल. उघडल्यावर चुंबकवाली चावी करून घ्या. तोवर शटर लावू नका.

गुळपोळी · शनि, रात्री ८.४४

धन्यवाद दादा. आणि आमच्या ह्यांच्या गाडीचं पण खरंच रिमोटच होतं, विचारलं.